वाढणाऱ्या हाताला खुर्ची

१९२७ हे साल आमच्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाही. त्या वर्षी महाडला आमच्या बापजाद्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात, 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचे एक हॉटेल सुरू झाले. विस्तवावर भाजलेले मांस आणि घरगुती गोड पदार्थ ही त्याची ख्याती. पुढे ते वाढले. २२० माणसे बसतील एवढी जागा झाली, नोकर ३६ झाले आणि त्यातले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय होते. मात्र पहिल्या दिवसापासून एक नियम होता. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने आत टेबलावर बसायचे नाही. पैसे मोजायचे, पुडके घ्यायचे आणि चालू लागायचे. राबणारा काळा माणूस चालत होता, पैसे देणारा काळा माणूसही चालत होता. बसणारा तेवढा चालत नव्हता!

हा नियम मोडायला १९६४ साल उजाडावे लागले. २ जुलै १९६४ रोजी अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला आणि हॉटेल, खाणावळ, सिनेमागृह येथे वर्णावरून माणसाला अडवणे बेकायदा ठरले. ऑलीजचे मालक कोर्टात गेले. आमचे हॉटेल, आमची मालमत्ता, आम्ही कोणाला बसवायचे हे सरकारने का सांगावे, हा त्यांचा सवाल. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. पण निकालाचा आधार काय होता? माणसाची प्रतिष्ठा? नव्हे. या हॉटेलने वर्षभरात जे अन्न विकत घेतले त्यातले सुमारे सत्तर हजार डॉलर्सचे मांस दुसऱ्या राज्यातून आले होते, म्हणजे हा आंतरराज्य व्यापार झाला आणि व्यापारावर कायदा करण्याचा अधिकार अमेरिकन संसदेला आहे, हा आधार! काळ्या माणसाच्या खुर्चीचा हक्क मांसाच्या ट्रकमध्ये बसून आला, असे म्हटले तरी चालेल.

आता आपली घटना उघडून पाहा. कलम १५, उपकलम २. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. सरळ नावे घेऊन लिहिले आहे, मूलभूत हक्कांच्या प्रकरणात लिहिले आहे आणि १९५० साली, म्हणजे अमेरिकेच्या आधी चौदा वर्षे लिहिले आहे. कागदावरच्या हक्काचे गावागावात काय झाले हा प्रश्न वेगळा आणि त्याकडे आम्ही येणारच आहोत. पण उपाहारगृहात बसणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, हे सांगायला घटनेला मांसाचा हिशेब काढावा लागला नाही, ही नोंद प्रथम झाली पाहिजे.

हे सगळे आमच्या डोक्यात घोळत होते ते अटलांटा शहरातल्या एका महागड्या 'सदर्न' हॉटेलात. आमचा पुतण्या तिकडे नोकरीला आहे. त्याच्याकडे मुक्कामाला गेलो असता तो म्हणाला, 'काका, इकडचे खरे जेवण दाखवतो.' दक्षिणी म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यापुढे इडली-डोसा येईल. ही दक्षिण म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, कॅरोलिना, लुईझियाना. कापसाची, भाताची आणि गुलामांची दक्षिण. या भागातले जेवण आज अमेरिकेत मोठ्या मानाचे झाले आहे. एकेका ताटाला तीस-चाळीस डॉलर्स पडतात आणि जागा आठवडाभर आधी सांगून ठेवावी लागते.

जेवण उत्तम होते. त्यात आम्ही हातचे राखून काही सांगणार नाही. आधी 'बिस्किट' आले. आपले चहात बुडवायचे नव्हे, तर मैद्याचे ताजे, मऊ, पापुद्रे सुटलेले, पावाच्या जातीचे आणि त्यावर मध घातलेले लोणी. मग मक्याच्या कण्या लोण्यात घोटून त्यावर तिखट परतलेली कोळंबी. ताकात मुरवून तळलेली कोंबडी, बाहेरून कुरकुरीत आणि आत रसाळ. कोबीच्या कुळातला एक जाड पाला डुकराच्या हाडाबरोबर तासन्‌तास शिजवलेला. बिडाच्या तव्यातच भाजून त्याच तव्यासकट टेबलावर ठेवलेला मक्याचा पाव. तळलेली भेंडी. भाताबरोबर चवळी. भेंडी आणि चवळी पाहून आम्ही चमकलोच. एवढ्या लांब येऊन चाळीस डॉलर्सला घरचेच ताट समोर आले की काय!

सेवा म्हणाल तर तिला नाव ठेवायला जागा नव्हती. वाढायला आलेला तरुण कृष्णवर्णीय होता. त्याने आधी आपले नाव सांगितले, आज तुमची काळजी मी घेणार म्हणाला, कण्या कशाच्या, पाला कोणता, तिखट किती, सगळे न कंटाळता समजावले. पेला अर्धा व्हायच्या आत भरला जात होता. आम्ही काटा-चमचा बाजूला ठेवून कोंबडी हाताने खाल्ली, तेव्हा हसून म्हणाला की हीच बरोबर पद्धत आहे. पुतण्याने त्याला विचारले, हे पदार्थ तुझ्या घरी होतात का? तो म्हणाला, दर रविवारी आजी करते, फक्त ती याचे तीस डॉलर्स घेत नाही.

जेवणाचे कार्ड आम्ही दोनदा वाचले. डुक्कर कोणत्या शेतावर वाढले ते त्यावर छापलेले. मका कोणत्या जातीचा, कोणत्या गिरणीत दळला, तेही. लोणी कोणत्या गोठ्यातले, मध कोणत्या गावचा. एवढी सगळी वंशावळ दिलेली, पण हे पदार्थ ज्यांच्या हाताने घडले त्या माणसांचा एका शब्दाने उल्लेख नाही. 'आमच्या दक्षिणेची परंपरा' एवढेच. आमची म्हणजे कोणाची?

भेंडी आणि चवळी ही दोन्ही आफ्रिकेची पिके. 'गंबो' नावाचा लुईझियानाचा प्रसिद्ध रस्सा आहे, त्याचे नावच आफ्रिकेतल्या भेंडीच्या शब्दावरून पडले. कॅरोलिनाचा भात अठराव्या शतकात सोन्याच्या भावाने युरोपात जाई. त्या दलदलीत बांध घालणे, पाणी सोडणे-अडवणे, भात कांडणे, पाखडणे हे सर्व पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून धरून आणलेल्या माणसांना येत होते. म्हणजे नुसते अंग नव्हे, ज्ञानही पळवून आणले होते. मक्याच्या कण्या तेथील मूळनिवासी इंडियन लोकांच्या. डुकराचा चांगला भाग मालकाच्या घरी आणि आतडी, पाय, डोके, शेपूट गुलामांच्या झोपडीत. शिजवलेला पाला मालकाच्या ताटात आणि भांड्यात उरलेले पाणी चाकरांना, असेही सांगतात. ज्यांच्या घरी वजडी शिजली आहे त्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही.

आणि मालकाच्या ताटातले तरी कोणी रांधले? स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनचा स्वयंपाकी जेम्स हेमिंग्ज हा त्याचा गुलाम होता. जेफरसनने त्याला १७८४ साली पॅरिसला नेले, फ्रेंच पाककला शिकवली आणि परत आणले. त्याला मुक्त केले ते १७९६ साली, आणि तेही त्याने आपल्या भावाला सगळी विद्या शिकवून स्वयंपाकघराची सोय लावून दिल्यावर. सर्व माणसे समान जन्मतात हे वाक्य ज्या लेखणीतून उतरले, तिच्या मालकाचे जेवण असे तयार होत होते. अ‍ॅबी फिशर ही दक्षिण कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मलेली बाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत तिने आपल्या पाककृती तोंडी सांगितल्या, दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या आणि पुस्तक झाले. अशी नावे थोडी. बाकीच्या हजारो बायका 'आमची जुनी आचारीण' एवढ्या ओळखीवर गेल्या.

याहून विखारी प्रकार अटलांटाच्या शेजारीच, स्मर्ना गावात चालत असे. 'आंट फॅनीज केबिन' हे हॉटेल १९४१ साली निघाले आणि १९९२ साली बंद झाले. नाव एका कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीचे, मालकी गोऱ्यांची. तेथे लहान काळ्या मुलांच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. त्या पाटीवर पदार्थ आणि किमती. गोरे पाहुणे टेबलावर बसलेले आणि पोरगा गळ्यात पाटी घेऊन पदार्थ घोकून दाखवतोय! याला म्हणत दक्षिणेचा पाहुणचार. गळ्यात मडके अडकवलेल्या माणसांच्या वंशजांना ही पाटी पाहून काय वाटेल ते वेगळे लिहायला नको.

अटलांटातच लेस्टर मॅडॉक्स नावाच्या गृहस्थाचे 'पिकरिक' हे तळलेल्या कोंबडीचे हॉटेल होते. नागरी हक्क कायद्यावर सही झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तीन कृष्णवर्णीय तरुण तेथे जेवायला गेले, तर हा मालक पिस्तूल घेऊन दारात उभा राहिला आणि त्याची माणसे कुऱ्हाडीचे दांडे घेऊन. कोर्टाने फटकारल्यावर त्याने हॉटेल बंद केले, पण काळ्याला बसवले नाही. अशा माणसाचे पुढे काय व्हावे? १९६६ च्या निवडणुकीनंतर तो जॉर्जियाचा गव्हर्नर झाला. आपल्याकडेही असे गव्हर्नर कमी नाहीत, असो.

बसण्यासाठी काय मोजावे लागले? १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे कॉलेजचे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. कॉफी मागितली, मिळाली नाही, तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, आठवड्यात शेकडो झाले. अंगावर शिव्या, कुठे केचप ओतलेला, कुठे पाठीवर सिगारेट विझवलेली, पण पोरे पुस्तक उघडून बसलेली. जुलै महिन्यात दुकानाने हात टेकले. त्याआधी माँटगोमेरीच्या बस बहिष्कारात जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकिणीने कामावरून काढल्यावर घरी रांधायला घेतले. कोंबडी, केक विकून ती आणि तिच्या मैत्रिणी आंदोलनाला पैसा पुरवीत. पैसा कोठून आला असे कोणी विचारले तर उत्तर असे, 'कोठूनही नाही'. म्हणून त्या बायकांच्या गटाचे नावच तसे पडले. भीमजयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या आमच्या माय-माउल्यांना ही बाई परकी वाटणार नाही.

सेवेविषयी लिहिताना बुकर राइटला विसरता येत नाही. मिसिसिपीतील ग्रीनवूड गावात गोऱ्यांच्या एका नामांकित हॉटेलात तो वर्षानुवर्षे वेटर होता. तेथे छापील कार्ड नव्हते. बुकर सगळे पदार्थ लयीत म्हणून दाखवी आणि गोरे लोक खूश होत. १९६५ साली एका दूरचित्रवाणी कंपनीने त्याच्यापुढे कॅमेरा धरला. त्याने नेहमीसारखे पदार्थ म्हणून दाखवले आणि मग थांबून, सर्व देशापुढे, मनातले सांगून टाकले. गिऱ्हाइके त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, अपमान करणारा जितका वाईट तितके आपल्याला जास्त हसावे कसे लागते, आपल्या मुलांना हे करावे लागू नये म्हणून आपण हे कसे सोसतो. १९६६ साली हे देशभर दिसले. त्याची ती नोकरी गेली. एका पोलिसाने त्याला मारहाण केली. त्याने स्वतः चालवलेल्या छोट्या हॉटेलाची मोडतोड झाली. एवढी किंमत कशाची? हसू खोटे आहे, एवढे खरे बोलण्याची.

म्हणून त्या रात्री आमचा पेला पुन्हापुन्हा भरणाऱ्या तरुणाचे हसू खरे की कसे, हा प्रश्न आम्ही त्याला विचारला नाही. तो विचारायचा नसतो. पण बिल आले तेव्हा त्याचे अर्थशास्त्र समोर आले. बिलाखाली तीन आकडे छापलेले, अठरा, वीस, बावीस टक्के. यातला एक निवडून टीप द्यायची. आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत दहाची नोट टाकतो तसे हे नव्हे, कारण तेथे टीप हाच पगार. अमेरिकेत टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान वेतन केंद्रीय कायद्याप्रमाणे तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. जॉर्जियात हाच दर. इतरांचे किमान वेतन सव्वासात डॉलर्स. मधली तूट गिऱ्हाइकाच्या मर्जीने भरायची, न भरली तर मालकाने भरावी असा कायदा आहे. तो कितपत पाळला जातो हे सांगायला कामगार चळवळीतला माणूस लागत नाही.

ही रीत कोठून आली हेही पाहण्यासारखे आहे. बक्षिशी देण्याची चाल युरोपातल्या सरदारांची. यादवी युद्धानंतर गुलाम मुक्त झाले, कामे शोधू लागले, तेव्हा अमेरिकन हॉटेलवाल्यांनी आणि रेल्वेच्या पुलमन कंपनीने त्यांना नाममात्र पगारावर घेतले आणि बाकीचे प्रवाशांकडून मिळवा म्हणून सांगितले. पुलमनच्या डब्यातल्या प्रत्येक काळ्या सेवकाला प्रवासी 'जॉर्ज' म्हणत, कारण मालकाचे नाव जॉर्ज. गुलामाला मालकाचे नाव, तीच तऱ्हा! याच सेवकांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन उभी केली. १९३८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, पण हॉटेल कामगार त्यात आले नाहीत. १९६६ साली आले, तेही टीप वजा करून. हक्काचा पगार आणि मेहेरबानीची बक्षिशी यातला फरक बलुतेदारीत पिढ्या घालवलेल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

असे असूनही आमच्या बांधवांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्याला टेबल बंद होते, पण चूल बंद नव्हती. त्याच्या हातचे गोरा आवडीने खात होता, गोऱ्याचे मूल त्याच्या हातून भरवून घेत होते. आपल्याकडे चूलच बंद होती. आमचा हात लागलेले पाणी बाटत होते, तेथे आमच्या हातचा स्वयंपाक कोण खाणार? जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी लोकांना अर्पण केली, ती नाते ओळखूनच. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले तेही हे नाते सांगण्यासाठीच. पण त्याच बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून दाखवताना अस्पृश्यता अधिक वाईट का हेही लिहून ठेवले आहे. गुलामाला निदान कौशल्याच्या धंद्यात शिरकाव होता, मालकाला त्याच्या जिवाची किंमत होती. अस्पृश्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

म्हणूनच तेथे एडना लुईस होऊ शकल्या. व्हर्जिनियात मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या फ्रीटाऊन गावात १९१६ साली त्या जन्मल्या. त्यांनी १९७६ साली दक्षिणेच्या स्वयंपाकावर जे पुस्तक लिहिले, त्यात सणांच्या जेवणात गुलामगिरीतून मुक्तीच्या दिवसाचे जेवण दिले आहे. लीआ चेस यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये आपल्या हॉटेलच्या माडीवर काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांना एकत्र बसवून गंबो वाढला, त्या काळी ते बेकायदा होते तरी. २०१९ साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, तोवर स्वयंपाकघर सुटले नव्हते. आणि सव्हाना शहरात ग्रेहाऊंड कंपनीचे १९३८ सालचे जुने बस स्थानक आहे. तेथे काळ्या प्रवाशांना वेगळे बसवत. त्याच इमारतीत २०१४ साली 'द ग्रे' हे उंची हॉटेल निघाले. त्याच्या मुख्य शेफ आणि भागीदार मशामा बेली या कृष्णवर्णीय आहेत. २०२२ साली त्यांना जेम्स बिअर्ड पुरस्कारांमधला देशातल्या उत्कृष्ट शेफचा मान मिळाला.

आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळ्यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे चहा घेऊ लागले. महाराज घेतात म्हटल्यावर बाकीच्यांना नाइलाज झाला. त्या गोष्टीला शंभर वर्षे उलटून गेली. पण २०१७ साली पुण्यात स्वयंपाकाच्या बाईने जात लपवली, सोवळे मोडले म्हणून एका सुशिक्षित घरातून पोलिसात तक्रार गेली होती. ती बाई तर दलितही नव्हती! डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित बाईने शिजवलेला मध्यान्ह आहार सवर्ण मुलांनी नाकारला. मुलांनी नाकारला म्हणायचे, शिकवले कोणी ते सर्वांना ठाऊक आहे. कलम १५ ने आम्हाला टेबलावर बसवले. चुलीपाशी उभे करायला कोणते कलम लागणार?

मुंबई-पुण्यात फिरा. मालवणी, सारस्वत, सीकेपी, आगरी, कोल्हापुरी, नागपूरचे सावजी अशा पाट्या ठिकठिकाणी दिसतात. प्रत्येक जातीची, प्रांताची चव पैसे देऊन खायला रांगा लागतात आणि त्यात वाईट काही नाही, आम्हीही त्या रांगेत उभे असतो. पण वजडी, रक्ती, चान्या यांच्या पाट्या कोठे आहेत? शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले ते २०१५ साली. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदी आली आणि त्यातल्या काही पदार्थांचे साहित्यच बेकायदा झाले. २०२४ साली हे पुस्तक इंग्रजीत गेले. आता ते मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित दुकानात मिळते. त्यातला एखादा पदार्थ एखाद्या मोठ्या हॉटेलच्या कार्डावर, करणाऱ्याच्या नावासकट, अजून तरी आमच्या पाहण्यात आलेला नाही.